परसातला दयाळ आणि मामांचे २३ कॅमेरे

अंगणवेडा (धागाकर्ता), १० एप्रिल

मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे. हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

माझ्या मामांचा मिरजेला फोटो स्टुडिओ होता. गेल्या वर्षी ते गेले आणि मामींनी दोन ट्रंका माझ्याकडे पुण्याला पाठवून दिल्या, "तुला हौस आहे, तूच सांभाळ" म्हणून. उघडल्या तर आत २३ कॅमेरे. फार दुर्मीळ असं काही नाही. आगफा क्लिक थ्री तीन, एक आयसोली, याशिका मॅट १२४ जी (हा मामांचा लाडका, याच्यावर त्यांनी लग्नंच्या लग्नं काढली), झेनिट, पेंटॅक्स के १०००, एक भात्याचा जर्मन कॅमेरा (भात्याला इतकी भोकं की चाळणी बरी), बाकी फुटकळ.

दर रविवारी मी ते परसातल्या दगडी बाकावर उन्हात मांडतो. आमच्याकडे एक दयाळ आहे. काळापांढरा, शेपूट उभी करून मिरवणारा. कुंड्यांची माती उकरायला घेतली की दोन हातांवर येऊन बसतो, कारण गांडूळ मिळतं. आता तो कॅमेऱ्यांवरही बसायला लागलाय. डोक्यात आलं, प्रत्येक कॅमेरा आणि त्यावर एक परसातला पक्षी अशी २३ फोटोंची माळ करून मामींना द्यावी. बुलबुल, शिंपी, साळुंकी, सगळे येतात.

अडचण अशी की दयाळ बाकी कॅमेऱ्यांवर शहाण्यासारखा बसतो, पण तीनपैकी एका क्लिक थ्रीवर मात्र अक्षरशः तुटून पडतो. पंख पसरून, चोच मारमारून, अर्धा-अर्धा तास. बाकी दोन क्लिक थ्रींना काही करत नाही. असं का? आणि फोटो कसे काढू? हाताशी मोबाइल आणि एक साधा डिजिटल आहे.

लाल_खिडकी, १० एप्रिल

क्लिक थ्री! मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल फिरवायचा, १२ फोटो, आणि फिरवायला विसरलं की आजोबांच्या पोटातून बैलगाडी गेलेली. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

चहाबाज, १० एप्रिल

त्या एका कॅमेऱ्यातून मामांनी दयाळाच्या आजोबांचा फोटो काढला असेल, वाईट आला असेल. पिढीजात राग आहे.

कोकणचा_भाऊ, १० एप्रिल

पक्ष्याचं राहू दे, आधी ते कॅमेरे उन्हातून उचल बाबा! झेनिटचा पडदा (शटर) कापडी असतो. पुढचं झाकण न लावता लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर भिंगातून ऊन एकवटतं आणि पडद्याला भोक पडतं. झेनिट आणि के १००० मध्ये निदान मधे आरसा असतो. साध्या व्ह्यूफाइंडरच्या, कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात मधे काहीच नसतं. आमच्या रत्नागिरीत बुरशी घालवायला म्हणून एकाने लेन्स गच्चीवर ठेवली आणि खालच्या वर्तमानपत्राला डाग पडून धूर निघाला. मी स्वतः बघितलंय. तो 'एक' म्हणजे मीच.

बुरशीसाठी ऊन हवं हे खरं, पण सकाळचं कोवळं आणि देखरेखीखाली. आणि बुरशीने काच एकदा खाल्ली की डाग जात नाही, ऊन फक्त पुढची वाढ थांबवतं. हवाबंद डबा घे, त्यात सिलिका जेल टाक. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद परतून परत निळे करायचे. आणि लेन्स चामड्याच्या पेटीत बंद करून ठेवू नकोस. चामडं ओल धरतं, बुरशीला माहेरच मिळतं.

केळफूल, १० एप्रिल

भाऊंना अनुमोदन. फक्त दाणे परतलेला तवा पोळ्यांना वापरू नका. आमच्या घरी त्यावरून महाभारत झालंय.

रानवाटा, ११ एप्रिल

अंगणवेडा, तुमच्या प्रश्नाकडे येते. एक सांगा, त्या तिसऱ्या क्लिकवर फ्लॅशची वाटी लावलेली आहे का? जुना बल्बचा फ्लॅश, चकचकीत पत्र्याची वाटी?

अंगणवेडा, ११ एप्रिल

आहे! तुम्हाला कसं कळलं? बाकी दोघांना नाही. मी मुद्दाम ब्रासो लावून चकाचक केली होती, फोटोत छान दिसावी म्हणून.

रानवाटा, ११ एप्रिल

मग झालं तर. त्याचं कॅमेऱ्याशी काही वाकडं नाही. त्या वाटीत त्याला दुसरा दयाळ दिसतो. मार्च ते जुलै हा त्यांचा विणीचा हंगाम. नर पहाटेपासून उंचावर बसून गात असतो तो कौतुकाने नाही, "ही हद्द माझी" हे सांगायला. त्यात एक परका नर थेट त्याच्या बाकावर येऊन बसलाय, हा जितकी चोच मारतो तितकीच तोही मारतोय, आणि हटत नाही. बिचाऱ्याने काय करावं? गाड्यांच्या आरशांना बुलबुल, दयाळ, शिंजीर असेच भिडतात. आमच्या कॉलनीत मार्च लागला की आरशांना मोजे घालतात.

तुम्हाला मजा वाटत असेल, पण त्याचा जीव जातो त्यात. जी वेळ किडे शोधण्यात, मादीपाशी जायची, ती सगळी या भांडणात जाते. वाटी आजच्या आज काढा. त्याचे 'हल्ल्याचे' फोटो काढण्यासाठी ती ठेवण्याचा मोह झाला असेल तर तोही काढा.

अंगणवेडा, ११ एप्रिल

मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. वाटी काढली, ट्रंकेत ठेवली. दोन तास झाले, महाराज त्याच क्लिकवर बसून पिसं साफ करतायत, जणू काही झालंच नाही.

चहाबाज, ११ एप्रिल

नवरा-बायकोच्या भांडणांवरही असा एखादा पार्ट काढता आला असता तर...

मंगलवाद्य_काका, ११ एप्रिल

फ्लॅशच्या वाटीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी १९७४ पासून लग्नाचे फोटो काढले, निवृत्त झालो. ते बल्ब एकदाच पेटायचे. आत धातूच्या तारेचा गुंता आणि प्राणवायू, फटकन लख्ख उजेड आणि काच आतून फेसाळून काळीपांढरी. लगेच काढायला गेलं की बोट भाजायचं. मंगलाष्टकं संपायच्या आत पुढचा बल्ब लावायला हवा. आणि मांडवातली सगळी पोरं माझ्यामागे, "काका, जळलेला बल्ब द्या ना!" वधूपेक्षा मला जास्त भाव असायचा. खर्च एवढा की अंतरपाट दूर होताना एक, माळा घालताना एक, सप्तपदीला एक असे मोजून जाळायचे. हल्लीची मुलं एका लग्नात हजारो फोटो काढतात आणि त्यातला एक छापत नाहीत.

तुझे मामा मिरजेचे म्हणजे आमच्याच धंद्यातले. याशिका मॅट चालू स्थितीत असेल तर मोबाइल कशाला? त्यांच्या कॅमेऱ्याने काढ की.

केळफूल, ११ एप्रिल

काका, आमच्या आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यांचे डोळे मिटलेले का आहेत ते आज कळलं.

तर्कट, १२ एप्रिल

मला मुळात ही कल्पनाच पटत नाही. पक्षी फांदीवर असावा. त्याला गांडुळाची लालूच दाखवून जुन्या कॅमेऱ्यावर बसवायचं आणि 'निसर्ग छायाचित्रण' म्हणायचं, हे दिवाणखान्यात वाघाचं कातडं टांगण्याचं सौम्य रूप आहे. आजकाल जंगलाच्या कडेला लपणं (लपून बसायचे आडोसे) बांधून, आळ्या टाकून, ठरलेल्या काटकीवर स्वर्गीय नर्तक पक्षी बसवतात आणि प्रत्येकाचा तोच फोटो. तुमचं त्याहून वेगळं काय?

अंगणवेडा, १२ एप्रिल

मी निसर्ग छायाचित्रण म्हटलेलंच नाही. माझ्या परसात मी बाक ठेवला, कुंड्या ठेवल्या, पाण्याचं परळ ठेवलं. त्यातलं काहीच 'नैसर्गिक' नाही. तो बाकावर बसतो ते चालतं आणि बाकावरच्या कॅमेऱ्यावर बसला की पाप?

रानवाटा, १२ एप्रिल

तर्कट यांचा मुद्दा एकदम झटकू नका. आमिष कशाचं, किती आणि कुणासाठी हा प्रश्न असतोच. कुंडी उकरताना निघालेलं गांडूळ त्याने उचललं, इतपत मला चालेल. रोज ठरल्या वेळी ताटली मांडली की पुढे तो तिच्याच भरवशावर राहतो. आवाज लावून बोलावणं तर मुळीच नको, त्यात परत तोच 'परका नर' आला. आणि घरट्याचे फोटो नाहीत म्हणजे नाहीत. फोटोग्राफर घरट्याशी घुटमळला की मागोमाग कावळा येतो, मांजर येतं. कावळा काही मूर्ख नाही, माणूस कुठे टक लावून बघतोय ते त्याला कळतं.

टेम्सकाठ, १२ एप्रिल

घरट्यावरून आठवलं, ब्रिटिश पक्षीछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली घुबडाने घेतला. घरट्याशेजारच्या लपणात रात्री चढत असताना अंधारातून टॉनी आउल आलं आणि नखं थेट डोळ्यात. तरी त्यांनी पुढे आयुष्यभर एका डोळ्याने पक्षीच टिपले.

इथल्या रॉबिनचं वागणं तुमच्या दयाळासारखंच. मी रेडिंगजवळ राहते. बागेत फावडं मारलं की हा हजर, दांड्यावरच बसतो. नावात दोघं रॉबिन (दयाळ म्हणजे इंग्रजीत मॅगपाय रॉबिन), आणि कूळही एकच, माशीमारांचं. गंमत म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीवर हाच रॉबिन बुजरा, जंगलात राहणारा आहे. इंग्लंडात मात्र माळ्याच्या पायात पायात. नाताळच्या कार्डांवर दिसतो तो इतका गोड, पण दुसरा नर हद्दीत आला तर प्रसंगी मरेपर्यंत मारतो. पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी पेंढा भरलेला रॉबिन ठेवून पाहिलं तर त्यावरही हे तुटून पडायचे. नुसता लाल पिसांचा झुपका ठेवला तरी राग यायचा. तेव्हा तुमचा दयाळ वाटीवर चिडला यात नवल नाही.

आणि तर्कट, लपणांचं म्हणाल तर कीर्टन बंधू या जुन्या ब्रिटिश पक्षीछायाचित्रकारांनी पक्ष्यांना फसवायला चक्क पोकळ बैल बनवून घेतला होता. खऱ्या कातड्याचा. आत एक भाऊ कॅमेरा घेऊन बसायचा.

चहाबाज, १२ एप्रिल

पोळ्याला पूजा झाली असेल का त्याची? आतून आवाज आला असता, "नैवेद्य इकडे सरकवा."

नागपूरकर_बंडू, १३ एप्रिल

काहून बाप्पा, बैलापर्यंत पोचला धागा? मी लाल खिडकीवाल्यांना विचारतो, क्लिक थ्रीला १२० चा रोल आता मिळते का?

लाल_खिडकी, १३ एप्रिल

मिळतो. काळापांढरा सहज, रंगीत शोधावा लागतो. ऑनलाइन घ्या किंवा मुंबईत बोरा बाजारात विचारा. स्वस्त नाही, धुण्या-स्कॅनिंगसकट एका रोलचा खर्च बघून बायकोला सांगू नये असा. पण क्लिकने पक्षी काढायचा नाद सोडा. शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास, दयाळाने शेपूट हलवली की पुसट.

मंगलवाद्य_काका, १३ एप्रिल

म्हणून तर याशिका मॅट म्हणालो. तिचं शटर भिंगातच असतं, नुसता 'टिक' होतो. झेनिटचा आरसा आपटतो तेव्हा शेजारचा कुत्रा भुंकतो, पक्षी कसला थांबतोय! वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत आहे. जवळात जवळ साधारण मीटरभर अंतरावर फोकस होतो आणि तेवढ्यात चौकटीत दोन फुटांचा भाग येतो. वीतभर दयाळ आणि खालचा कॅमेरा आरामात बसतात. भिंगाचं छिद्र एफ आठवर ठेव म्हणजे पक्ष्याचा डोळा आणि कॅमेऱ्याचं नाव दोन्ही साफ येतील. सकाळी आठ-साडेआठची सावली धर. दयाळ काळापांढरा आहे, भर उन्हात पांढरं उडून जातं आणि काळ्यात डोळा दिसत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेव. वरून बघायच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. पक्षी डावीकडे सरकला की हात आपोआप चुकीकडे जातो. माझी पहिली दोन लग्नं त्यातच गेली. (लोकांची. माझं एकच.) आणि बघायचं भिंग वर, फोटोचं खाली, तेव्हा जवळून काढताना वर थोडी मोकळी जागा सोड, नाहीतर डोकं कापलं जाईल.

अंगणवेडा, १३ एप्रिल

काका, मीटरभर अंतरावर मी बसलो तर तो येईल, पण माझी चुळबूळ होईल त्याचं काय?

मंगलवाद्य_काका, १३ एप्रिल

ट्रंकेत बघ, काळ्या रबरी फुग्याची लांब नळी असेल. ती शटरच्या बटणाला जोडायची, कॅमेरा तिपाईवर, तू दारात खुर्ची टाकून बस, फुगा दाब. हवा पोचायला क्षणभर लागतो, त्यामुळे पक्षी बसल्या बसल्या नाही, स्थिरावला की दाब. प्रत्येक फोटोनंतर उठून हँडल फिरवायला जावं लागेल. त्याला इलाज नाही.

अंगणवेडा, १४ एप्रिल

फुगा सापडला! तडकलेला होता, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून चालू केला. आज रोल भरला.

कोकणचा_भाऊ, १४ एप्रिल

विष्ठा लगेच पुसत जा, ओल्या फडक्याने. ती आम्लधर्मी असते, चामड्यावर आणि भिंगाच्या लेपावर डाग कायमचा बसतो. साळुंकीला तर बसवूच नकोस, ती जांभूळ खाऊन येते.

तर्कट, १४ एप्रिल

माझा विरोध कायम आहे. पण फुग्याने काढताय म्हटल्यावर उत्सुकताही आहे.

केळफूल, १९ एप्रिल

काय झालं? धागा वर काढते.

अंगणवेडा, १९ एप्रिल

पाच दिवसांत सात फोटो. बुलबुल येतो पण जोडीने, आणि एक बसला की दुसरा हाकलतो. शिंपी क्लिकच्या पट्ट्यावर झोका घेतो, फुगा दाबेपर्यंत उडतो. दयाळ मात्र सरकारी नोकरासारखा, साडेआठला हजर, नऊला गायब. २३ कॅमेऱ्यांची माळ या गतीने पुढच्या पावसाळ्यानंतर होईल. बायको म्हणते रोज पहाटे उठून फुगा दाबत बसणारा माणूस शेजाऱ्यांना काय सांगायचा.

नागपूरकर_बंडू, १९ एप्रिल

ब्लडप्रेशर बघतो म्हणा.

तर्कट, २० एप्रिल

*प्रकाटाआ* (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

चहाबाज, २० एप्रिल

तर्कटांनी विनोद लिहिला होता, मी वाचला. लाजून काढला.

अंगणवेडा, ३ मे

मंडळी, रोल धुऊन आला. १२ पैकी तीन नुसते बाकाचे. दोन डोकं कापलेले (काका, माफ करा). एक माझ्या मुलीचा, ती मधेच धावत आली. एकात बुलबुलाची शेपटी. चार बरे आहेत. पेंटॅक्सवर बसलेला दयाळ, आयसोलीवर दयाळ, परत पेंटॅक्सवर दयाळ, आणि त्या बिनवाटीच्या क्लिकवर दयाळ, शेपूट सरळ आभाळाकडे, बघतोय नेमका याशिकात. चार फोटो मामींना पाठवले. त्यांचा फोन आला. पक्ष्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाल्या, "पेंटॅक्सचा पट्टा उलटा लावलायस. ते असते तर ओरडले असते."

बारावा मात्र मला कळेना. त्यात कॅमेऱ्यावर पक्षी नाहीच. बाजूला क्लिकची चामडी पेटी उघडी ठेवली होती, तिच्यात अर्धी शिरलेली राखाडी मादी, चोचीत काहीतरी बारीक लोंबतंय. फोटो काळापांढरा, म्हणून रंग कळत नाही. पेटी आणून पाहिली तर आतल्या लाल मखमलीचा एक कोपरा पार उसवलाय.

रानवाटा, ३ मे

घरट्याला अस्तर नेतेय! दयाळ भिंतीच्या भोकात, झाडाच्या ढोलीत घरटं करतो, मुळ्या, केस, धागे मिळतील ते आत घालतो. पेटी आहे तिथेच राहू द्या. याशिका उचला, तिपाई उचला, महिनाभर बाकाकडे फिरकू नका. आणि घरटं शोधू नका.

मंगलवाद्य_काका, ३ मे

मखमल मिरजेच्याच एखाद्या शिंप्याने लावलेली असणार. जाऊ दे बाळा, चांगल्या कामाला लागतेय. आणि पट्टा सुलटा कर.

तर्कट, ४ मे

हा फोटो मला आवडला. यात कुणी कुणाला बसवलेलं नाही.

अंगणवेडा, ४ मे

तर्कट, मनापासून आभार. रानवाटाताई, पट्टा सुलटा केला, सगळं उचललं, शोधत तर मुळीच नाही. पण मोरीच्या मागच्या भिंतीत जुन्या पाइपाचं भोक आहे, त्यातून लाल धागा बाहेर लोंबतोय. दात घासताना समोरच दिसतो. आता काय करू?

चहाबाज, ४ मे

डोळ्यांना झाकण लाव.

कोकणचा_भाऊ, ४ मे

आणि ते झाकण झेनिटचंच घे. नाहीतरी तू त्याला लावत नाहीसच.